पाऊण किलो पेट्रोल, सव्वादोन किलो धूर: रोजच्या जाण्यायेण्याचा हिशेब

माझा भाचा आठवीत आहे आणि सध्या त्याला शंका फार येतात. परवा पेट्रोल पंपावर रांगेत उभे होतो तर मागून म्हणतो, "मामा, सर म्हणाले एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पण लिटरभर पेट्रोलचं वजन तर पाऊण किलोच असतं ना? मग बाकीचा दीड किलो आला कुठून?"

प्रश्न एकदम बरोबर होता आणि खरं सांगायचं तर मलाही क्षणभर सुचेना. रात्री जेवताना त्याची आई कणीक मळत होती त्यावरून सापडलं उत्तर. पीठ एक किलो घेतलं तरी कणीक दीड किलोच्या वर भरते, कारण पाणी वरून घातलंय. पेट्रोलचं तसंच. पाऊण किलो पेट्रोलमध्ये साधारण ६४० ग्रॅम कार्बन असतो, तो जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बनच्या दर १२ ग्रॅमला ऑक्सिजन लागतो ३२ ग्रॅम. म्हणजे पीठ थोडं आणि पाणीच जास्त असली ही कणीक. ६४० ग्रॅमचे होतात २.३ किलो, पैसे आपण फक्त पेट्रोलचे देतो, ऑक्सिजन फुकट मिळतो म्हणून त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही इतकंच.

तर तिथून हा सगळा लेख सुरू झाला. कारण हा एक आकडा हातात आला की रोजचं जाणंयेणं वहीत मांडता येतं, त्याला कुठलं अ‍ॅप लागत नाही, भागाकार आला म्हणजे झालं.

माझंच घ्या. राहतो पुण्यात धायरीला, ऑफिस शिवाजीनगरला, एका बाजूचं अंतर बारा किलोमीटर धरा. स्कूटर लिटरला ४५ जाते. २.३ किलोला ४५ ने भागा, किलोमीटरला ५१ ग्रॅम आले. दिवसाचे २४ किलोमीटर म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. ऐकायला फार वाटत नाही पण हा वायू आहे, वजनात कळत नाही, आकारमानात कळतो. सव्वा किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे साधारण पावणेसातशे लिटर. गच्चीवरची पाचशे लिटरची काळी टाकी असते ना, ती रोज एक भरून वर सांडेल एवढा. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर तीनशे किलो, आणि हे फक्त ऑफिसचं, भाजी-दूध-लग्नकार्य-सिंहगड वेगळं.

आता कार. गावात लिटरला १५ देत असेल तर किलोमीटरला १५३ ग्रॅम. ट्रॅफिकमध्ये ११ वर आली तर २०० च्या वर. एकटा माणूस बसला असेल तर तो सगळा त्याच्या एकट्याच्या नावावर. पण गंमत बघा, त्याच कारमध्ये चौघं बसले तर डोक्यामागे ३८ ग्रॅम, म्हणजे मी एकटा स्कूटरवर जातो त्याहून कमी! आणि माझ्या स्कूटरवर मागे कुणी बसलं की डोक्यामागे २५-२६. त्यामुळे "कारवाले प्रदूषण करतात आणि आम्ही दुचाकीवाले बिचारे" असं जे आपण चहाच्या टपरीवर बोलतो ते अर्धंच खरं आहे. गाडी कुठली हा दुसरा प्रश्न झाला, गाडीत किती डोकी हा पहिला.

बसला हाच नियम लावू. पुण्यातल्या बऱ्याच बस सीएनजीवर चालतात. एक किलो सीएनजी जाळला की २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, मोठी बस किलोला तीनेक किलोमीटर जाते असं ढोबळ धरलं तर किलोमीटरला ९०० ग्रॅम. बाप रे! पण सकाळी साडेआठला धायरी फाट्यावरून निघालेल्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, साठ माणसं असतात, एक हात दांडीला आणि एक पाकिटावर. ९०० भागिले ६०, पंधरा ग्रॅम. माझ्या स्कूटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. आणि रात्री साडेदहाला तीच बस नऊ माणसं घेऊन परतते तेव्हा डोक्यामागे शंभर ग्रॅम, स्कूटरच्या दुप्पट.

इथे लोक लगेच म्हणतात की मग रात्रीच्या रिकाम्या बस बंद करा. थांबा जरा. एक म्हणजे ती बस जाणारच आहे, तुम्ही चढलात म्हणून तिला काही वेगळा गॅस लागत नाही, दहावा माणूस जवळजवळ फुकटात जातो. आणि दुसरं, जे जास्त महत्त्वाचं आहे, रात्री परत यायला बस मिळेल याची खात्री असेल तरच बाई सकाळी बसने जाते. साडेदहाची बस काढून टाका, ती बाई दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीची चावी घेऊनच बाहेर पडेल. म्हणजे रात्रीची रिकामी बसच सकाळची बस भरते. वाहतुकीच्या हिशेबात हे कलम कागदावर दिसत नाही म्हणून सगळ्यात आधी कापलं जातं.

रिक्षाचं थोडक्यात: किलोमीटरला ८० ग्रॅमच्या आसपास, शेअर रिक्षात तिघं असतील तर २७, मस्त. पण एकट्याने केली तर रिक्षा तुमच्यापर्यंत रिकामी येते आणि तुम्हाला सोडून पुढचं भाडं मिळेपर्यंत रिकामी फिरते, तो धूरही न्यायाने तुमचाच. अ‍ॅपवरून मागवलेल्या कॅबचंही तेच.

आता इलेक्ट्रिक. याबद्दल दोन टोकाचे लोक भेटतात, एक म्हणतो शून्य प्रदूषण, दुसरा म्हणतो वीज तर कोळशाचीच, मग काय फरक. दोघंही घाईत आहेत.

आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या थोडा वरच कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण वीज अजून बरीचशी कोळशावर आहे. इलेक्ट्रिक स्कूटरला किलोमीटरला ०.०३ युनिट लागतात असं धरा, चार्जिंगमध्ये थोडी गळती धरा, तर आले २० ते २५ ग्रॅम. पेट्रोल स्कूटरच्या निम्मे. शून्य नाही पण निम्मे.

कोळशावरची वीज असूनही निम्मे कसे? तर हे माझं आवडतं गणित आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. त्यावर माझी स्कूटर जाते ४५ किलोमीटर. तीच नऊ युनिट इलेक्ट्रिक स्कूटरला दिली तर ती तीनशे किलोमीटर जाईल. म्हणजे पेट्रोलच्या इंजिनात बहुतेक पैसे जातात ते उष्णतेवर, सायलेन्सरला चुकून पाय लागला की कळतंच. चार-पाच हिश्श्यांतला एकच चाकापर्यंत पोचतो. औष्णिक वीज केंद्रातही उष्णता वाया जाते पण तिथे इंजिन प्रचंड मोठं आणि एका चालीने चालणारं असतं, त्यामुळे सगळं धरूनही हिशेब इलेक्ट्रिकच्या बाजूने येतो.

बॅटरीचं मात्र सांगायला हवं. ती बनवतानाच भरपूर ऊर्जा लागते, स्कूटरच्या बॅटरीमागे ढोबळ दोन-तीनशे किलो कार्बन डायऑक्साइड आधीच खर्ची पडलेला असतो. दर किलोमीटरला २७ ग्रॅम वाचत असतील तर हे उधार फिटायला आठ-दहा हजार किलोमीटर लागतात. माझ्यासारख्या रोज चोवीस किलोमीटरवाल्याला दीड वर्ष. पण आमच्या शेजारच्या काकांना, ज्यांची स्कूटर महिन्यातून चारदा मंडईत जाते, त्यांना हे उधार फेडायला अख्खं म्हातारपण जाईल. ते मला विचारत होते, "घेऊन टाकू का रे इलेक्ट्रिक, पर्यावरणासाठी?" म्हटलं काका, पर्यावरणासाठी आहे तीच चालवा, फक्त हवा भरून घ्या.

(हवेवरून आठवलं. गेल्या वर्षी माझं मायलेज ४५ वरून ३८ वर आलं, मी पेट्रोलला शिव्या घालत होतो, मेकॅनिकने बघितलं तर मागच्या चाकात निम्मीच हवा आणि ब्रेक थोडा घासतोय. सहा महिने मी ब्रेक दाबूनच फिरत होतो म्हणा ना. खर्च आला ऐंशी रुपये. किलोमीटरला नऊ ग्रॅम ऐंशी रुपयांत वाचले, यापेक्षा स्वस्त पर्यावरणरक्षण मला तरी माहीत नाही.)

इलेक्ट्रिक बसचं चित्र मात्र जरा वेगळं आहे. मोठ्या एसी बसला किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे पुन्हा ९०० ग्रॅमच्या जवळच, सीएनजी बसएवढं! मग कशाला आणल्या? तर इथे धूर दोन प्रकारचा असतो हे समजून घ्यावं लागतं आणि बहुतेक वादावादी हे दोन एकात मिसळल्यामुळे होते.

एक धूर तापमान वाढवणारा, तो कार्बन डायऑक्साइड. त्याला रंग नाही वास नाही, तो पुण्यात सुटला काय आणि चंद्रपुरात सुटला काय, पृथ्वीला सारखाच. दुसरा धूर छातीत जाणारा, काजळीचे बारीक कण, नायट्रोजनचे ऑक्साइड वगैरे, तो जिथे सुटतो तिथल्याच माणसाच्या नाकात जातो. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-सिक्स हे कडक नियम आले, इंधनातलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर (म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग) आणलं, ते या दुसऱ्या धुरासाठी. पहिल्याला त्याने फारसा फरक पडत नाही. तुमची पीयूसी काढताना पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, तोही दुसराच. म्हणजे पीयूसी पास झाली म्हणून गाडी पर्यावरणाला चांगली असं नसतं, ती पहिल्या धुराबद्दल काही बोलतच नाही.

इलेक्ट्रिक बस दुसरा धूर रस्त्यावरून काढून टाकते. स्वारगेटच्या चौकात पोळी-भाजीची गाडी लावून बारा तास उभ्या असलेल्या बाईला विचारा हा फरक केवढा आहे. पण धूर मात्र, दोन्ही प्रकारचा, कोराडीच्या नाहीतर चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रावर जातो, आणि राखही तिथेच पडते, तिथल्या लोकांनी आपल्या स्वच्छ बससाठी खोकायचं हे काही मला पटत नाही. पण त्यातही एक गोष्ट आहे, सीएनजीची बस पंधरा वर्षं सीएनजीच पिणार, विजेची बस मात्र जसजशी सौर आणि पवनची वीज वाढेल तसतशी आपोआप स्वच्छ होत जाते, गॅरेजमध्ये न जाता. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली आणि बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच मार्गावर पहिली विजेवरची शिवाई सोडली. हे जमवून आणलेलं होतं हे उघड आहे पण मला आवडलं.

आणि विजेच्या वाहतुकीचं कौतुक नवीन म्हणून करतोय आपण, मुंबईकर ३ फेब्रुवारी १९२५ पासून त्यातच लोंबकळतोय. त्या दिवशी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली. लोकलसारखं दुसरं काही नाही याचं कारण गर्दी तर आहेच (भागाकारात खाली हजारो डोकी!) पण चाकंही आहेत. लोखंडी चाक लोखंडी रुळावर जवळजवळ चेपतच नाही, रबरी टायर मात्र प्रत्येक फेऱ्यात चेपतो, फुगतो, तापतो. रुळावर घरंगळायला रस्त्याच्या दहाव्या हिश्शाएवढीच ओढ लागते. नवीन गाड्या तर ब्रेक मारताना मोटारच उलटी चालवून वीज वरच्या तारेत परत देतात.

पुणे मेट्रोही याच जातीची. ६ मार्च २०२२ ला दोन तुकड्यांत सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत आली तेव्हा माझ्या उपयोगाची झाली. आता मी आठवड्यातून तीन-चार दिवस धायरी फाटा ते स्वारगेट बस आणि तिथून मंडई, कसबा पेठ, कोर्ट करत शिवाजीनगर. आमच्या ऑफिसातला एकजण कात्रजहून येतो, तोही मेट्रोने येतो आणि मेट्रोचा फोटो स्टेटसला टाकतो, पण तो आधीही पूर्ण वाटभर बसनेच यायचा. त्याने बस सोडून मेट्रो धरली यात धूर जवळजवळ काहीच वाचला नाही, वेळ वाचला. मी स्कूटर ठेवली तेव्हा वाचला. त्यामुळे मेट्रोत रोज किती लाख माणसं बसली यापेक्षा त्यातली किती आधी स्वतःच्या गाडीवर होती हा खरा आकडा, आणि तो कुठल्या बॅनरवर लावलेला मला तरी दिसला नाही.

मग उरलेले लोक स्कूटर का सोडत नाहीत? आळशी आहेत म्हणून नाही. माझं घर ते फाटा सव्वा किलोमीटर आहे. त्यात फूटपाथ आहे अंदाजे तीनशे मीटर, त्यावरही एक डीपीचा खोका, दोन टपऱ्या आणि एक कायमची उभी इनोव्हा. पावसाळ्यात तो रस्ता चालत पार करून ऑफिसला पोचायचं म्हणजे पँट गुडघ्यापर्यंत भरलेली. मी चालतो कारण मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, नाहीतर मीही नसतो गेलो. बारा किलोमीटरचा बस-मेट्रोचा प्रवास या सव्वा किलोमीटरवर अडतो. कोट्यवधींचा उड्डाणपूल बांधला की दहा मिनिटं वाचतात, मग अजून चार लोक गाडी काढतात, पूल भरतो. फूटपाथ सलग केला तर कुणी उद्घाटनाला येत नाही, पण बस भरते.

बसलाही स्वतःची वाट हवी. पुण्याने २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्गिका, केली, देशात सगळ्यात आधी, पण अर्धवट, आणि पुढे काही रस्त्यांवरच्या मार्गिका काढूनही टाकल्या. साठ जणांची बस आणि एकट्याची कार सिग्नलला एकाच रांगेत उभी राहते, आणि थांब-चाल थांब-चाल करत बसचा गॅसही जास्त जातो, म्हणजे आकडा वरच्या त्या ९०० ग्रॅमच्याही पुढे जातो.

आता घरातली एक सवय सांगतो जी मला मोडायला सगळ्यात जड गेली. सकाळी दूध आणायला स्कूटर. डेअरी सहाशे मीटरवर. वाटतं की सहाशे मीटरने काय होतंय. पण सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारा जो कन्व्हर्टर असतो तो अडीच-तीनशे डिग्री तापल्याशिवाय कामाला लागत नाही, आणि इंजिन थंड असताना पेट्रोलही जास्त ओढतं. म्हणजे पहिलं एक किलोमीटर हे सगळ्यात घाण किलोमीटर. माझी दुधाची अख्खी फेरी त्या घाण किलोमीटरमध्येच संपते, परत येताना डेअरीसमोर पाच मिनिटं गप्पा मारल्या की पुन्हा अर्धवट थंड. लांबच्या वीस किलोमीटरबद्दल आपण हळहळतो आणि या सहाशे मीटरकडे बघतही नाही, जे खरं तर पायी सहज जमतं. आता मी पिशवी घेऊन चालत जातो, येताना तीच वाट असल्यामुळे भाजी आणि इस्त्रीचे कपडेही उरकतात, तीन फेऱ्यांची एक झाली.

इथेनॉलचं विचारतील म्हणून सांगतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, बरंचसं उसाचं. उसाने हवेतूनच घेतलेला कार्बन परत हवेत जातो म्हणून तो हिशेबात सौम्य धरतात, ते ठीक. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, त्यामुळे मायलेज थोडं उतरतं, आणि ऊस पाणी किती पितो हे मराठवाड्यातल्या माणसाला मी सांगायची गरज नाही. मी याला उपाय म्हणणार नाही, तडजोड म्हणेन.

तर हे सगळं मी भाच्याला वहीवर मांडून दाखवलं. स्कूटर एकट्याने ५१, डबलसीट २६, कार एकटा १५३, कार चौघं ३८, सकाळची बस १५, इलेक्ट्रिक स्कूटर २० ते २५. त्याने सगळं उतरवून घेतलं आणि खाली स्वतःची एक ओळ वाढवली: आजोबांची सायकल, ०.

बाबा सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जायचे, तीस-बत्तीस वर्षं, पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची गोष्ट. सायकल अजून जिन्याखाली आहे, मागचं चाक बसलेलं. ते शेजारी पेपर वाचत होते, त्यांनी चष्मा वर करून वही बघितली.

"शून्य कसं?" म्हणाले. "दोन भाकऱ्या जास्त लागायच्या रोज. ते धर."

भाच्याने खोडरबर शोधायला सुरुवात केली.